सल्ला हवा: गास्केटवरच्या बायोफिल्ममधले जिवाणू जिवंत सोडवण्यासाठी कुठलं एन्झाइम?

ताकपिठलं:
मंडळी, दूध प्रक्रिया प्रकल्पाच्या लॅबसाठी सल्ला हवा आहे. सीआयपी (यंत्र न उघडता आतून धुणं) झाल्यावर फिलिंग लाइनचे स्वॅब स्वच्छ येतात, पण पाश्चराइज्ड पिशव्या थंडीत ठेवल्या की पाचव्या-सहाव्या दिवशी सायक्रोट्रॉफ (थंडीतही वाढणारे जिवाणू) वर चढतात. संशय व्हॉल्व्हच्या ईपीडीएम रबराच्या गास्केटवर (गळती रोखणाऱ्या सीलवर) आहे. स्वॅबने तिथली चिकट फिल्म (बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकटून बसलेला थर) निघत नाही. एन्झाइम वापरून फिल्म सोडवायची, पण जिवाणू जिवंत हवेत, कारण मोजायचे आहेत. व्होर्टेक्स, ४० किलोहर्ट्झचं बाथ सोनिकेटर, सेंट्रिफ्यूज आणि शेकर आहे. पीसीआर नाही. कोणतं एन्झाइम, किती, किती वेळ?

पेट्रीपुराण:
आधी एक गोष्ट. लाइनमध्ये एन्झाइम सोडू नका. गास्केट काढून लॅबमध्ये आणा आणि त्या जागी नवं बसवा. सॅनिटायझरनंतर लगेच नमुना घेत असाल तर आधी न्यूट्रलायझर लागेल: क्लोरीन किंवा पेरॅसेटिक असेल तर सोडियम थायोसल्फेट, क्वाट (चतुर्थक अमोनियम सॅनिटायझर) असेल तर लेसिथिन आणि ट्वीन ८०. क्लोरीन उरलं तर जिवाणू मरतातच, एन्झाइमही वाया जातं. मग पाव ताकदीच्या रिंगरने (क्षारांचं सौम्य द्रावण) हलकेच विसळा, म्हणजे नुसते चिकटलेले सुटे जिवाणू निघून जातील.

दुधाच्या लाइनमधल्या फिल्मला धरून ठेवणाऱ्या गोष्टींत प्रथिनं आणि पेशींबाहेरचा डीएनए या दोन्हींचा वाटा मोठा असतो. वर केसीनचा (दुधातल्या मुख्य प्रथिनाचा) थर असतोच. म्हणून डीएनेज १ (डीएनए तोडणारं) आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं) ही जोडी घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी डीएनेज, मग प्रोटिनेज. एकत्र घातलीत तर प्रोटिनेज के डीएनेजलाच खातं आणि महागडं एन्झाइम पाण्यात जातं.

बफर: ट्रिस २० मिलिमोलर, पीएच ७.५, मीठ १५० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ आणि कॅल्शियम क्लोराइड १ मिलिमोलर. डीएनेजला दोन्ही आयन लागतात, प्रोटिनेज केला स्थिर राहायला कॅल्शियम लागतं.

गास्केट निर्जंतुक सॅम्पलिंग बॅगमध्ये ठेवा, २० मिली बफर घाला, हवा पिळून काढा. बाटलीपेक्षा बॅग बरी, कारण कमी द्रवात गास्केट बुडतं आणि एन्झाइम वाचतं.

१. डीएनेज मिलीला १०० युनिट, म्हणजे २० मिलीला २,००० युनिट. २५ अंशांवर ३० मिनिटं, मंद शेक.
२. प्रोटिनेज के मिलीला ०.१ मिग्रॅ. २० मिग्रॅ/मिली स्टॉक असेल तर १०० मायक्रोलिटर. २५ अंशांवरच आणखी ३० मिनिटं.
३. बॅग बाहेरून चोळा, मग सोनिकेटरमध्ये ३० सेकंद, पुन्हा चोळा, पुन्हा ३० सेकंद. बाथमधलं पाणी थंड ठेवा.
४. ५ मिली द्रव नळीत घेऊन थोड्या काचेच्या मण्यांसह ३० सेकंद व्होर्टेक्स करा, गाठी सुटतात.
५. ताबडतोब थंड ०.१ टक्के पेप्टोन पाण्यात पातळ करून वीस मिनिटांत प्लेट लावा.

थंडगार_गोठ्यातला:
+१. २५ अंश का, हे ठळक करून सांगतो, कारण एन्झाइमच्या माहितीपत्रकात ३७ अंश लिहिलेलं असतं आणि लोक डोळे झाकून तेच करतात. तुमचा संशयित स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सचा गट आहे, त्यातल्या कित्येकांना ३७ अंश सोसत नाही. तासभर तिथे ठेवलंत तर एन्झाइमने नाही, उष्णतेने संख्या घसरू शकते आणि दोष एन्झाइमवर जातो. २५ अंशांवर काम सावकाश होतं, होऊ द्या.

त्याच कारणाने पोअर प्लेट नको. ४५ अंशांचा अगार ओतणं या जिवांना महागात पडतं. स्प्रेड प्लेट करा, म्हणजे नमुना घट्ट झालेल्या अगारवर पसरा. ६.५ अंशांवर १० दिवस, घाई असेल तर २१ अंशांवर २५ तास.

सूक्ष्मदृष्टी:
बफरबद्दल एक सूचना. ट्रिसऐवजी फॉस्फेट बफर हाताशी आहे म्हणून वापरू नका, कॅल्शियमशी गाळ बसतो. ईडीटीए तर नकोच. डीएनेजचे आयन ओढून घेतं आणि स्यूडोमोनासची बाहेरची पडदी सैल करून पेशीच दुखावतं.

डीएनेजची नळी जोरात व्होर्टेक्स करायची नाही, ते घुसळण्यानेही निकामी होतं. हळुवार उलटी-पालटी करून विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या कमी प्रथिन शोषणाऱ्या फिल्टरमधून गाळा, थोडं थोडं वेगळं करून गोठवा. औद्योगिक दर्जाचं प्रोटिएझ स्वस्त म्हणून घ्याल तर त्यात बॅसिलसचे बीजाणू असू शकतात. मग तुम्ही गास्केट नाही, एन्झाइमची पावडर मोजाल.

लायसोझाइम, लायसोस्टॅफिन ही नावं बायोफिल्मच्या लेखांत दिसतात. ती पेशीभित्तिका फोडतात, मोजणीसाठी बाद. डिस्पर्सिन बी स्टॅफिलोकॉकसच्या फिल्मवर छान चालतं, इथे चालेलच याचा भरवसा नाही. सेल्युलेजला पीएच ५ च्या आसपास लागतो, तुमच्या बफरमध्ये ते बसून राहील.

ताकपिठलं:
छान! पण मोजणी वाढली म्हणजे जास्त जिवाणू सुटले, हे कशावरून?

पेट्रीपुराण:
नेमकं इथेच लोक फसतात. गाठ फुटली की एका वसाहतीच्या वीस होतात, गास्केटवरून एकही जास्त निघाला नसला तरी. म्हणून मणी-व्होर्टेक्स तुलनेच्या नमुन्यालाही तेवढाच द्या, आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, पुंजके उरलेत का.

तुलनेचा नमुना म्हणजे त्याच व्हॉल्व्हमधलं दुसरं गास्केट, सगळं तेच, फक्त एन्झाइमऐवजी नुसता बफर. दुसरी तपासणी: तुमच्याच लाइनमधला जिवाणू द्रवात वाढवून, मिलीला एक लाखाच्या आसपास घेऊन, एन्झाइममध्ये तासभर आणि बफरमध्ये तासभर ठेवा. फरक ०.३ लॉगपेक्षा जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक घट, तर मात्रा किंवा वेळ कमी करा. तिसरी: नुसतं एन्झाइम प्लेटवर लावून बघा, काही उगवलं तर तो स्टॉक फेका.

चौथी सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित: तेच गास्केट नव्या द्रवात, नव्या एन्झाइमसह पुन्हा काढा. दुसऱ्या फेरीत पहिल्याच्या १० टक्क्यांहून जास्त मिळाले तर पहिली फेरी अपुरी.

हिशोब: मिलीला ६०० वसाहती, द्रव २० मिली, गास्केटचं क्षेत्रफळ ४० चौसेमी, तर चौसेमीला ३००. क्षेत्रफळात कडा आणि खोबणी धरा.

थंडगार_गोठ्यातला:
सोनिकेटरबाबत: बाथमध्ये सगळीकडे सारखा मारा नसतो. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा बुडवा, जिथे भोकं पडतात तिथे बॅग टांगा, दर वेळी तिथेच. नवं पाणी भरल्यावर रिकामं पाच-दहा मिनिटं चालवून हवा काढा. बॅगेतल्या बुडबुड्यांनीही ध्वनी अडतो.

मापाडी:
थोडा विरोध नोंदवतो. गुळगुळीत स्टीलच्या पृष्ठभागाला एवढा खटाटोप लागत नाही, खरवडणं आणि सोनिकेशन पुष्कळ होतं. एन्झाइमचा फायदा भेगाळलेल्या रबरात, जिथे ब्रश पोचत नाही. आणि प्लेट हीट एक्स्चेंजरवरचा पांढरा दूधखडा एन्झाइमने सुटणार नाही. त्यात खनिजं भरपूर असतात, त्याला नायलॉनचा निर्जंतुक ब्रशच.

ताकपिठलं:
लिस्टेरियासाठी हाच द्रव वापरता येईल का? आणि स्किम मिल्क अगारवर प्रथिन पचवणारे जिवाणूही बघायचे आहेत.

सूक्ष्मदृष्टी:
लिस्टेरियासाठी मोजणी नको, हो-नाही हवं, तर गास्केटसह सगळा द्रव नऊपट हाफ फ्रेझरमध्ये (लिस्टेरिया वाढवायचं द्रव माध्यम) घाला, म्हणजे २० मिलीला १८० मिली, ३० अंशांवर २४ ते २६ तास. मात्र त्या गास्केटवर सायक्रोट्रॉफची मोजणी करू नका, वेगळं घ्या.

स्किम मिल्क अगारची गोष्ट वेगळी. वाहून आलेलं प्रोटिनेज केच दूध पचवतं आणि वसाहत नसलेल्या जागीही अगार स्वच्छ होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये ४,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४,००० पट) वर दहा मिनिटं फिरवून वरचा द्रव ओतून टाका, तळाशी बसलेल्या पेशी थंड बफरने दोनदा धुवा. धुण्यात काही पेशी हरवतात, म्हणून एकूण मोजणी धुण्याआधीच्या द्रवावर करा आणि धुतलेल्या नमुन्यातून फक्त प्रथिन पचवणाऱ्यांचं प्रमाण काढा.