राजारामपुरीच्या गल्ल्यांना लेखकांची नावं द्यावीत का?

अकरावी गल्ली
पहिली गल्ली, दुसरी गल्ली... पत्ता सांगायचा का पाढे म्हणायचे? खांडेकर १९३८ ला शिरोड्याहून कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ (१९७४) त्यांचं. माधव जूलियन, ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे. द्या की त्यांची नावं!

तिकटीकर
पाचवी सापडली की पुढं सहावी, हे कुरिअरच्या पोरालाबी कळतंय. जूलियन पथानंतर फडके पथ लागतो का खांडेकर, हे त्यानं कुणाला विचारायचं? आणि गावाच्या तोंडात बसतं तेच चालतं. रिक्षावाल्याला 'छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय' सांगून बघा. 'सीपीआर म्हणा की सरळ!' व्हीनस टॉकीजचा कॉर्नर झाला, त्याला कुणी ठराव केलता? खांडेकरांचं उद्या 'व्हीएसके रोड' होणार, लिहून ठेवा.

रंकाळ्यावरचा
आमच्या कोपऱ्यावर आहे अशी एक पाटी, कवीच्या नावाची. तिच्यावर वाढदिवसाचं डिजिटल (फ्लेक्स) बांधलं होतं. ते उतरवलं, तारा तशाच राहिल्या. आडनावाचं पहिलं अक्षर गंजाखाली गेलंय. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, कोण हे? म्हणाला, 'असतील कोणतर जुने नगरसेवक.'

अकरावी गल्ली
मग नावाखाली एक ओळ लिहा: 'कवी, राजाराम कॉलेजात प्राध्यापक, मूळ आडनाव पटवर्धन.' नाहीतर जूलियन म्हणजे कोण साहेब होता, असंच पोरांना वाटायचं.

कागलकर
नावं ठरवणार कोण? शहरातले प्राध्यापक मोठ्या रस्त्यावर, आणि पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, आमच्या कागलचे आनंद यादव यांना गटारीकडचा बोळ. तसं होणार असेल तर आकडेच बरे, आकड्याला जात-गाव नसतं.

रंकाळ्यावरचा
फडके आणि खांडेकरांना मात्र समोरासमोरच्या गल्ल्या द्या. एक 'कलेसाठी कला', दुसरे 'जीवनासाठी कला'. मधल्या रस्त्यावर वाद चालू राहूदे 😄

तिकटीकर
त्यापेक्षा विद्यापीठातलं खांडेकरांचं संग्रहालय पोरांना दाखवा. इथं लिहिणाऱ्यांपैकी कितीजण गेलाय?

अकरावी गल्ली
मी गेलोय, दोनदा. पण तिथं मुद्दाम जावं लागतं, पाटी दूध आणायला जाताना दिसते. बरं, आकडा ठेवा, खाली नाव घाला. चालेल?

तिकटीकर
आकडा मोठा असला तर चालेल. आणि खांब उंच घ्या, डिजिटल बांधणाऱ्याची शिडी पोचली नाही पाहिजे.