मदत हवी आहे: इब्री कायद्यातला 'एवेद' – गुलाम, दास की सालगडी?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या टिपणासाठी प्राचीन कायदे वाचतेय आणि बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातल्या 'एवेद' या हिब्रू शब्दापाशी अडकलेय.

सुरुवात सौम्य आहे. इब्री (म्हणजे प्राचीन ज्यू) माणूस विकत घेतला तर सहा वर्षं काम, सातव्या वर्षी मोबदला न घेता सुटका. 'अनुवाद' (हेही बायबलमधल्या पुस्तकाचं नाव आहे, आठवडाभर मी ते भाषांतर समजत होते!) म्हणतं, रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं द्या. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका, हेही तिथेच. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा हम्मुराबी याच्या कायद्यात मात्र पळालेल्या गुलामाला घरात लपवलं तर मृत्युदंड!

पण निर्गमच्या त्याच अध्यायातली २०-२१ ही वचनं गळ्याखाली उतरत नाहीत. काठीने मारलं आणि दास तिथेच मेला तर धन्याला शिक्षा. एक-दोन दिवस तग धरली तर शिक्षा नाही, कारण तो 'त्याची चांदी', म्हणजे धन्याचा पैसा आहे. आणि २६-२७ मध्ये डोळा फोडला, दात पाडला तरी दास मुक्त! मग एवेदला मराठीत म्हणू काय? आई म्हणते, सालगडी लिही. पण सालगड्याला कोणी वारसाहक्काने मुलांना देत नाही.

प्रतिसाद १: ताई, आधी दोन गट वेगळे करा. बायबलमधल्याच 'लेवीय' पुस्तकाच्या २५व्या अध्यायानुसार कर्जापायी विकला गेलेला इब्री बांधव मजुरासारखा वागवायचा. परक्यांमधून घेतलेला मात्र कायमची मालमत्ता. रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) तुमची दोन्ही वचनं परक्या दासाला लावली. इब्री दासाचा दात पडला तर त्याला भरपाई, सुटका नाही. दोन दिवसांच्या सवलतीमागे तर्क असा की स्वतःचा पैसा कोणी मुद्दाम बुडवत नाही. मला तो तर्क लंगडा वाटतो.

प्रतिसाद २: बायबलमधल्या 'यिर्मया' पुस्तकाचा ३४वा अध्याय वाचा. बाबेलच्या स्वारीच्या काळात यहूदाच्या सिद्कीया राजाने करार करून दास सोडवले आणि लोकांनी ते परत धरून आणले. कायदा होता, पाळत कोण होतं?

धागाकर्ती: आभार! म्हणजे इब्री माणसाला 'ऋणदास' आणि परक्याला सरळ 'गुलाम' लिहिते. एक शंका राहिली. धन्याने दिलेली बायको-मुलं धन्याकडेच राहतात, म्हणून जो जायला नकार देतो, त्याचा कान दाराशी नेऊन आरीने टोचतात. तो खरंच जन्मभराचा दास?

प्रतिसाद १: मजकुरात 'कायमचा' आहे. रब्बी म्हणतात, फार तर योबेलपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या वर्षापर्यंत. धनी आधी वारला तर तेव्हाच. बायको-मुलं मात्र सुटत नाहीत.