'डीला काही होत नाही, बिनधास्त फॉरमॅट मार' म्हणणाऱ्यांसाठी

कोपरगावकर
काल इथे एकाने विचारलं, विंडोज नव्याने टाकायचीय, डी ड्राइव्हमधलं जाईल का? एका महाभागाचं एका ओळीत उत्तर, तेच वर शीर्षकात दिलंय. त्याला चौदा लाइक! म्हणून हा वेगळा धागा.

अहो, पेनड्राइव्हवरून सेटअप चालू केला की तिथे 'सी', 'डी' असं काही लिहिलेलं नसतं. 'डिस्क 0 पार्टिशन 3' अशी यादी येते, पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक भाग. माझ्या मेव्हण्याने लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवून घेतली होती, जुनी एक टीबीची डिस्कही आत तशीच. यादीत एक दिसते 476.9 जीबी, दुसरी 931.5. हा पठ्ठ्या 'एक टीबी' शोधत बसला. ती दिसेना, तेव्हा 'च्यायला, सगळंच साफ करू' म्हणत एकेक पार्टिशन डिलीट. भाचीच्या बारशापासून दहावीच्या निकालापर्यंतचे फोटो गेले. डीला काही झालं नाही हे खरंच, डीच उरली नाही!

दादा_हार्डवेअर
मेव्हण्याचा आंधळेपणा आमच्या माथी कशाला? एक्सपीच्या काळापासून विंडोज टाकतोय. दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवायची. सेटअपला दिसलीच नाही तर पुसणार काय? एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर आधी 'धिस पीसी'त दोन्हींचे आकार बघून कागदावर लिहायचे आणि सीचं पार्टिशन तेवढं फॉरमॅट करायचं. उगाच बागुलबुवा.

कोपरगावकर
केबल, कागद, आकार. यातलं 'बिनधास्त'मध्ये नेमकं काय येतं?

ताळेबंद
दोघंही अर्धवट सांगताय. लोकांचा जीव डीवर नसतोच, डेस्कटॉपवर असतो, आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स सगळं सीवर. फॉरमॅट न करता विंडोज टाकली तर जुनं निदान 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतं.

माझी डी तर शाबूत होती, पण वर कुलूप. बिटलॉकर, डिस्कला कुलूप घालणारी विंडोजचीच सोय! 48 अंकी 'की', म्हणजे किल्ली, मागतंय. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तिथे जाते. आणि तो चालू केला होता दुकानातल्या पोराने, स्वतःच्या ईमेलने. पोरगं नोकरी सोडून गेलेलं. आठ दिवस त्याच्या मागे फिरलो.

लिनक्सवाला
लिनक्स घ्या, होमचं म्हणजे आपल्या फाइलींचं पार्टिशन वेगळं ठेवा, कटकटच नाही.

ताळेबंद
आलात? वाटच बघत होतो.

टंकनिका
माझी डी वाचली हो, पण फॉन्ट गेले त्याचं काय? ते सीवर असतात हे कोणी सांगितलंच नाही. सोसायटीची 2007 पासूनची इतिवृत्तं शिवाजी फॉन्टमध्ये. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

युनिकोडप्रेमी
अजून शिवाजी?? विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड आहे, फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. तुमच्यासारख्यांमुळे मराठीतला अर्धा मजकूर गूगलला सापडत नाही.

टंकनिका
'तुमच्यासारख्यांमुळे' म्हणजे? टाइपरायटरवर मराठी 40 ची परीक्षा दिलीय मी. बोटं रेमिंग्टनवर, टाइपरायटरच्या त्या कळांच्या मांडणीवर बसलेली. आमचा छापखानेवाला आजही म्हणतो, युनिकोड नको, जोडाक्षरं फुटतात. त्याला सांगा आधी.

युनिकोडप्रेमी
रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही मिळते. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक आहेत.

टंकनिका
वापरलाय. 'कार्यकारिणी'चा रफार नको त्या अक्षरावर नेऊन ठेवला. अठरा वर्षांची इतिवृत्तं मी ओळ न् ओळ तपासत बसू? तुम्ही येता का?

युनिकोडप्रेमी
रफाराचं मान्य. तरी आजपासूनची तरी युनिकोडमध्ये लिहा, बाई.

टंकनिका
'बाई' नको. बघते.

कोपरगावकर
मंडळी, धागा डी ड्राइव्हचा होता.

दादा_हार्डवेअर
बरं, 'बिनधास्त' शब्द मागे घ्या हवं तर, तसाही तो माझा नव्हता. केबलवर मी ठाम आहे. टंकनिकाताई, डी उघडून शोधपट्टीत टीटीएफ टाका, फॉन्टच्या फाइलीच्या नावाला ते शेपूट असतं. फॉन्टच्या जुन्या सीडीची कॉपी कोणीतरी मारून ठेवलेली असते.

कोपरगावकर
आणि बिटलॉकर? की आधी लिहून घेतल्याशिवाय पेनड्राइव्ह लावू नका, हेही म्हणा की एकदा.

दादा_हार्डवेअर
म्हटलं. आता मेव्हण्याला सांगा, एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931च दिसते, दुकानदाराने फसवलेलं नाही.

टंकनिका
सापडला! डीवरच, 'न्यू फोल्डर (3)'मध्ये, मुलाच्या क्रिकेटच्या गेमशेजारी.