रोहिणी हट्टंगडींना आपण आईच्या भूमिकांतच अडकवलं का?

नाट्यवेडा:
माझं मत स्पष्ट आहे, हिंदी सिनेमाने या बाईवर अन्याय केलाय. एनएसडीत (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) तिथले संचालक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तयार होऊन १९७४ला बाहेर पडलेली, कथकली शिकलेली नटी. १९८२च्या 'गांधी'त कस्तुरबा केली आणि सहाय्यक अभिनेत्रीचं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा सिनेपुरस्कार, घेतलं. दुसऱ्या कुठल्या देशात अशा नटीसाठी पुढची दहा वर्षं लोकांनी स्क्रिप्ट लिहिल्या असत्या. आपण काय केलं? १९८४ला 'सारांश'मध्ये म्हातारी केली, तेव्हा वय किती, तर ३३! आणि १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई. अमिताभचा जन्म १९४२चा, रोहिणीताईंचा १९५१चा, म्हणजे मुलगा आईपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आणि यात कुणाला काही खटकलंच नाही याचा मला जास्त राग येतो.

सातारकर:
नाही पटलं. वय दाखवून भूमिका छोटी ठरवता येत नाही. 'सारांश'मधली पार्वती नीट आठवा. मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेलाय, आणि ती मनाशी धरून बसलीय की भाडेकरू मुलीच्या पोटी तोच परत येणार. नवरा कोसळतो तो सगळ्यांना दिसतो, पण ही बाई श्रद्धेला धरून उभी राहते आणि ती श्रद्धा खोटी आहे हे कळल्यावर जे होतं ते तिने जवळजवळ न बोलता केलंय. तिशीतल्या बाईने म्हातारपण असं चालण्या-बसण्यातून उभं करणं हा नाटकाचा रियाज आहे, त्याला अन्याय कसं म्हणायचं?

नाट्यवेडा:
अभिनय ग्रेट आहे हे मी नाकारतच नाहीये हो, प्रश्न पुढे काय मिळालं हा आहे. त्याच सिनेमात अनुपम खेर, तो तर रोहिणीताईंपेक्षाही चार वर्षांनी लहान. त्यानेही म्हातारा केला, पण दोन वर्षांत 'कर्मा'त डॉ. डँग मिळाला, नंतर कॉमेडी, बाप, व्हिलन सगळं. सुरुवात एकाच पिक्चरमधून, पुरुषाला सगळे दरवाजे उघडले आणि बाईला एकच. यावर बोला ना.

पडद्यामागची:
अनुपम खेरचा मुद्दा बरोबर आहे पण 'एकच दरवाजा' हे चूक. १९८९च्या 'चालबाज'मधली अंबा विसरलात का? श्रीदेवीला छळणारी ती खाष्ट काकू, शुद्ध व्हिलन आहे. 'अर्थ'मधली कामवाली बघा, दारुड्या नवऱ्याच्या जाचाला कंटाळून शेवटी त्याला मारणारी, फिल्मफेअर मिळालं त्यासाठी. आणि गोविंद निहलानींचा 'पार्टी', एलकुंचवारांच्या नाटकावरचा, त्यातली मोहिनी बर्वे ही रंगभूमीवरची नटी, तिच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. यातली अंबा, मोहिनी या काय आईच्या चौकटीतल्या आहेत? मला वाटतं आपल्यालाच 'अग्निपथ' आणि 'मुन्नाभाई' एवढंच आठवतं, आणि मग दोष इंडस्ट्रीला.

नाट्यवेडा:
'पार्टी' किती लोकांनी बघितला? गल्ल्यावर चालणाऱ्या सिनेमाने तिला काय दिलं ते मी विचारतोय. 'चालबाज' मान्य, एक.

कोल्हापूरची सून:
सगळे सिनेमाचंच बोलताय. माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या आशा देशमुख म्हणतील, 'चार दिवस सासूचे' मधल्या. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग! पुष्कळ लोक नाक मुरडतात की बाफ्टावाल्या नटीने डेलीसोप केला, मला हे अजिबात आवडत नाही. आमच्याकडे संध्याकाळी ती मालिका लागली की गिरणीवरून दळण आणायचं राहायचं. त्यांचे यजमान, नाट्यदिग्दर्शक जयदेव हट्टंगडी २००८मध्ये गेले, तरी मालिका चालू होती, काम चालू होतं. घर चालवणाऱ्या बाईने नेमाने काम केलं तर ते कमी दर्जाचं कसं झालं?

पडद्यामागची:
@कोल्हापूरची सून, ताई मालिकेला कमी कोण म्हणतंय, पण माझा जीव नाटकात आहे म्हणून सांगते. 'अपराजिता'त ही बाई एकटी रंगमंचावर उभी राहिली, जयदेवांनी बसवलेलं. आणि २०२२ला प्रशांत दळवींचं 'चारचौघी' परत आलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं, त्यात मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे आणि आई म्हणून रोहिणीताई. आता ती आई काय आहे बघा: लग्न झालेल्या माणसाशी लग्नाशिवायचं नातं उघडपणे जगलेली, मुलींना त्यातून वाढवलेली शिक्षिका. वयाच्या सत्तरीनंतर दौरे करत, वीकेंडला प्रयोग लावत ही भूमिका केली. सगळे फोनच्या सीनबद्दल बोलतात, मला तर आई गप्प बसून मुलींकडे बघते ते जास्त लागलं.

सातारकर:
हे म्हणायचं होतं मला. आई आई म्हणून एकाच खात्यात टाकू नका, 'अग्निपथ'ची आई मुलाच्या रक्ताळलेल्या हातांवर त्याला अडवते, 'चारचौघी'ची आई समाजाला अडवते.

नाट्यवेडा:
'चारचौघी' मी दोनदा बघितलंय, त्याबद्दल माझं तुमचं भांडण नाही. पण तुम्ही माझा मुद्दा सिद्ध करताय! ही भूमिका मराठी नाटकाने दिली, सत्तरीनंतर दिली. बाफ्टानंतरच्या वर्षांत, पस्तिशीत, एकाही हिंदी निर्मात्याला वाटलं नाही की हिला मध्यभागी ठेवून गोष्ट सांगावी. त्या वर्षांचं नाव सांगा, पिक्चरचं नाव सांगा.

पडद्यामागची:
मध्यभागी म्हणजे हिरॉईन असेल तर नाही सांगता येणार, ते मान्य. पण १९८४ या एका वर्षात 'सारांश' आणि 'पार्टी' दोन्ही आहेत, आणि एवढं काम त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या नटीकडे होतं ते तुम्ही सांगा.