९० टनाचं शेड ४ ट्रेलरात बसायला हवं होतं, ७ लागले. लोडिंगचं गणित कसं करता तुम्ही लोक?

डिस्पॅच_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये डिस्पॅच बघते, आधी क्यूसीला होते, इकडे येऊन आठच महिने झालेत. गेल्या महिन्यात चिपळूणजवळ लोट्याला एक पीईबी शेड (फॅक्टरीत सुटे भाग बनवून साइटवर बोल्टनं जोडायचं स्टीलचं शेड) पाठवलं, ३० मीटर स्पॅन म्हणजे रुंदी, ७५ मीटर लांबी, साडेसात मीटरचे १० बे (दोन फ्रेममधले गाळे), सगळं मिळून ९० टनाच्या आसपास. ४० फुटी ट्रेलर, आरसीप्रमाणे २६ टन भरता येतं, म्हणजे साडेतीन गाड्या, चला ४ धरू. गेल्या ७. त्यातल्या दोघींची काटाचिठ्ठी नेट ९ टन बघून साहेब म्हणाले "हवा पाठवतेस का लोट्याला?" गाडीमागे ३५ हजार भाडं आहे त्यामुळे ओरडले ते बरोबरच आहे म्हणा.

आणि एवढं करून साइटवाले वेगळेच चिडलेले, पहिल्या गाडीत कॉलम तळाला आणि वर पर्लिनचे (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांचे) बंडल, पर्लिन लागणार दहा दिवसांनी, ते सगळं आधी उतरवून चिखलात रचून ठेवावं लागलं त्यांना.

एक्सेलमध्ये सॉल्व्हर (सगळ्यात चांगली मांडणी शोधून देणारं टूल) लावून बघितला, ६०० च्या वर पीस आहेत, तो म्हणतो व्हेरिएबल जास्त झाले. पुढच्या महिन्यात असंच अजून एक शेड आहे, त्याच भागात. काय करू?

इरेक्शन_नागपूर

भाऊ तुमचा प्रश्न उलटा हाय असं मला वाटते. मी साइटवरचा माणूस, २२ वर्षं शेड उभे करून राहिलो. फॅक्टरीवाले गाडी भरते ते वजन पाहून, आम्ही गाडी खाली करतो ते नटबोल्ट लावायच्या क्रमानं, आणि या दोघायचं कधी बोलणंच होत नाही. तुमचे ३ गाड्या जास्त म्हणजे १ लाख ५ हजार, कबूल. पण आमच्याकडे क्रेन, हायड्रा (छोटी फिरती क्रेन) आणि १२ माणसायची गँग मिळून दिवसाला ३५ हजाराच्या घरात जाते, आणि एक रॅफ्टर (छताचा तिरपा बीम) तीन नंबरच्या गाडीत राहिला म्हणून अख्खी गँग बसून राहते. असे तीन दिवस गेले की तुम्ही वाचवलेलं भाडं साफ. ते भाड्याच्या खात्यात दिसत नाही म्हणून कोणी ओरडत नाही, एवढंच.

पहिले ब्रेसिंगवाला बे (तिरप्या रॉडनं ताणून बांधलेला गाळा) विचारा साइटला, कोणत्या दोन ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या ओळींच्या, मधात आहे. त्या दोन फ्रेमचे कॉलम, रॅफ्टर, ब्रेसिंग रॉड आणि त्याच बेचे पर्लिन, एवढं पहिल्या गाडीत पाहिजेच. तेवढं उभं झालं की ते आपल्या पायावर राहते, मग बाकीच्या फ्रेम त्याला टेकवत जायचं. म्हणजे पर्लिन पहिल्या गाडीत होते हे चूक नाही, सगळ्या बेचे होते आणि कॉलमच्या डोक्यावर होते ही चूक. आणि बोल्ट! बोल्टची गोणी शेवटच्या गाडीत टाकणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे बाप्पा.

डिस्पॅच_चाकण

भाऊ नाही, ताई 🙂 बोल्ट मी पहिल्या गाडीतच टाकले होते, तेवढं तरी माफ करा.

इरेक्शन_नागपूर

माफ करा ताई. बोल्टसाठी तर तुमचे दोन्ही गुन्हे माफ.

टेपर_रॅफ्टर

मी डिटेलिंग करतो, म्हणजे प्रत्येक पीसची ड्रॉइंग काढतो, ताई तुमच्या ९ टनाच्या गाडीत काय असणार हे न बघता सांगतो, रॅफ्टर. टेपर असतो, एका टोकाला ९०० मिमी खोल आणि दुसऱ्या टोकाला ४००-५००, सगळे एकाच दिशेला तोंड करून ठेवले की बारक्या टोकाकडं नुसती पोकळी राहते. एकाचं तोंड पुढं, दुसऱ्याचं मागं असं आडवं लावलं की दोन मिळून जवळपास सरळ चौकोन होतो. हे बहुतेक शॉपमध्ये माहीत असतं पण रात्री ११ ला गाडी भरताना कोण करतंय.

दुसरी भानगड म्हणजे वेल्ड करून ठेवलेली शिंगं. पर्लिन क्लीट (पर्लिन बसवायचा तुकडा), क्रेनचा ब्रॅकेट, एंड प्लेट (टोकाची जोडपट्टी). एका कॉलमला ५०० मिमी बाहेर आलेला ब्रॅकेट असला की शेजारचा कॉलम अर्धा मीटर लांब गेला, आणि ट्रेलरची रुंदी मिळून मिळून अडीच मीटर. हे डिस्पॅचला येऊन सुटत नाही, ड्रॉइंगच्या वेळी सुटतं. जिथं डिझाइनवाला हो म्हणेल तिथं ब्रॅकेट बोल्टेड घ्या, स्प्लाइस (दोन पीसचा जोड) अशा ठिकाणी द्या की पीस साडेअकरा मीटरच्या आत राहील. आम्हाला डिटेलर लोकांना कोणी गाडीचं माप सांगतच नाही हो, आम्ही १२.४ चा रॅफ्टर आनंदानं काढतो.

सॉल्व्हरचं म्हणाल तर साध्या एक्सेलमधला २०० व्हेरिएबलच्या वर घेत नाही. पीस मोजू नका, लॉट मोजा. झेड पर्लिन एकात एक बसतात, २० चा एक बंडल, २०० मिमी उंचीचा, २ मिमी जाडीचा, सव्वाआठ मीटरचा पर्लिन धरला तर एकाचं वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे बंडल ९०० किलो, ही झाली एक वस्तू. रॅफ्टरची जोडी एक वस्तू. सॅग रॉडची (पर्लिन एकमेकांना बांधणाऱ्या बारीक सळ्यांची) मोळी एक, ती कॉलमच्या दोन फ्लँजमधल्या खाचेत जाते, तिला जागा लागतच नाही. असं केलं की ६०० चे ४० लॉट होतात आणि ४ गाड्यांना १६० व्हेरिएबल. खरं तर ४० लॉट झाल्यावर सॉल्व्हर पण लागत नाही, कागदावर ट्रेलरचा चौकोन काढा, मोठ्यातला मोठा लॉट आधी बसवा, लहान शेवटी पोकळीत. फक्त आधी नागपूरवाल्या काकांच्या क्रमानं गाड्यांचे गट पाडा आणि मग गटाच्या आत भरा, उलटं नको.

पॅकिंग लिस्टचं वजन म्हणजे ड्रॉइंगचं वजन बरं का. वेल्ड, रंग, बोल्ट, लाकडं धरून काट्यावर जास्तच येतं. २६ ची गाडी असेल तर लिस्टवर २५ ला थांबा.

घोडा_कराड

ताई मी ट्रेलरवाला, स्वतःच्या तीन गाड्या हायेत. २६ टन भरा नायतर १६ भरा, पण कुठं भरता ते बगा आधी. मागं जास्त वजन टाकलं की घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन-केबिन) हलका होतो, चढाला चाक फिरतंय जागेवर. सगळं पुढं रेटलं की घोड्याच्या ॲक्सलवर जादा येतं, मग एकूण वजन पासिंगमदी (आरसीवरच्या मर्यादेत) असून पण टायर बोंबलतात. जड माल मधोमध, किंचित पुढं.

तुमचा माल कुंभार्ली घाटानं उतरला असणार, नंतर परत परशुराम घाट. उताराला ब्रेक मारला की स्टील पुढं सरकतं, आणि पुढं कोण बसलंय, ड्रायव्हर. रंगवलेलं स्टील रंगवलेल्या स्टीलवर म्हणजे साबण. मधी लाकडी ठोकळा नायतर जुन्या टायरचा तुकडा पायजेच, ठोकळे एकावर एक सरळ रेघेत यायला पायजेत, नायतर खालचा रॅफ्टर वाकतो आणि मग म्हणतात ड्रायव्हरनं वाकवला. पहिला थर हेडबोर्डाला (ट्रेलरच्या पुढच्या आडव्या फळीला) भिडवून लावा, मधी फूटभर फट ठेवू नका. आणि निघाल्यावर ३०-४० किलोमीटरवर चेन परत आवळायची, माल बसतो, चेन सैल होतीच.

बाहेर एक वीत पण काढून देऊ नका. पूर्वी मागं लाल फडकं बांधून सळ्या न्यायचो, २०१४ ला ते बंद झालं. आता माल बॉडीबाहेर दिसला की २० हजार, वजन जादा असलं तर २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा तो खर्च वेगळा. डिस्पॅचवाले म्हणतात जाऊदे की दोन टन, पावती मात्र आमच्या गाडीवर फाटते.

जालना_सळई

इथं सळईवाल्यांचं दुःख वेगळं. १२ मीटरची सळई छोट्या गाडीत मधून दुमडून जाते, वजनानं गाडी लगेच भरते, जागेचा प्रश्नच नाही. पण हल्ली कट अँड बेंड मागतात, रिंगा आणि चौकटी तयार करून, तर तेच ९ टन पसरतं नुसतं. तुमच्या रॅफ्टरसारखंच. आम्ही रिंगा सरळ बारच्या गाडीवर वरून देतो, नुसत्या रिंगांची गाडी कधीच काढत नाही.

टेपर_रॅफ्टर

@जालना_सळई हेच, जड आणि फुगीर माल एका गाडीत. ताई तुमच्या ७ गाड्यांत बहुतेक एक गाडी नुसत्या पर्लिन-कॉलमची २५ टनाची आणि दोन नुसत्या रॅफ्टरच्या असणार.

डिस्पॅच_चाकण

अगदी तसंच होतं 🙈 काटाचिठ्ठ्या काढून बघितल्या, एक २४.८ आणि दोन ९ च्या.

काल नवीन शेडचे लॉट पाडून बसवले. ४४ झाले. साइटच्या इंजिनिअरला फोन करून ब्रेसिंगचा बे विचारला तर तो दोन सेकंद गप्पच, म्हणाला मॅडम हे फॅक्टरीतून पहिल्यांदा कोणी विचारलं. त्याच्या क्रमानं लावल्यावर ५ गाड्या येतायत, ४ नाही. शेवटची १३ टनाची. साहेबांना नागपूरच्या काकांचा ३५ हजाराचा हिशोब दाखवला, ते म्हणाले बरं, पण लेखी दे. १२.४ चे रॅफ्टर आहेत, दोन, ते आता कापता येत नाहीत.

पर्लिन गॅल्व्हनाइज्ड आहेत आणि जुलैत जाणार, ताडपत्री पुरेल का?

इरेक्शन_नागपूर

ताडपत्रीनं वरचं पाणी थांबते, आतलं नाही. एकात एक बसवलेल्या पर्लिनमध्ये पाणी शिरलं की पांढरा गंज धरते, आठवड्यात. साइटला सांगून ठेवा, उतरवल्यावर एक टोक वीतभर उंच ठेवा म्हणा म्हणजे निथळते.

घोडा_कराड

१२.४ वाल्यासाठी लांब बॉडीचा ट्रेलर आत्ताच बुक करा, ऐनवेळी मिळत नाय. आणि ताई, साइटच्या गेटचा फोटो मागवा. ४० फुटी आत वळतो का, आणि वरनं लाइटची तार किती उंचीवर गेलीय. मागं एका ठिकाणी मी दीड दिवस गेटबाहेर उभा होतो.

डिस्पॅच_चाकण

फोटो आला. तार आहे, बरोब्बर क्रेन लावायच्या जागेवर.