डेंग्यूसाठी सोसायटीत निळ्या दिव्याची मशीनं बसवू नका

वडगावकर
आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत एक ठराव आहे. बागेत, पार्किंगमध्ये आणि क्लबहाउसच्या व्हरांड्यात निळ्या दिव्याची, किडे चटकन जाळणारी मशीनं बसवायची. कारण डेंग्यू. गेल्या पावसाळ्यात दोन विंगमध्ये पेशंट निघाले, लहान मुलांना अ‍ॅडमिट करावं लागलं. काहीतरी करायलाच हवं ही सगळ्यांची तळमळ मला समजते, माझीही तीच आहे. पण हा पैसा भलत्याच ठिकाणी चाललाय.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती जातीचा डास दिवसा चावतो. सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी त्याचा जोर जास्त. मशीनचा दिवा खरा दिसतो तो अंधार पडल्यावर. शिवाय रक्त पिणारी मादी माणूस शोधत येते ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशाला भुलतात ते मुख्यतः पतंग, भुंगेरे, माशा, चिलटं.

१९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या फ्रिक आणि टॅलमी या दोघांनी घरांच्या अंगणातल्या सहा मशीनमध्ये उन्हाळाभर मेलेले कीटक मोजले. एकूण १३,७८९. त्यात चावणारे, म्हणजे डास आणि चावऱ्या माशा मिळून, फक्त ३१. उलट इतर किडींना खाऊन किंवा त्यांच्यावर वाढून त्यांचा बंदोबस्त करणारे मित्रकीटक १,८६८ होते. आपण आपल्याच बाजूचे पहारेकरी मारतोय आणि चोर मोकळा फिरतोय.

मीठभाकर
वडगावकरदादा, मला हे पटत नाही. डेलावेअर कुठे आणि आमचं पनवेल कुठे! माझ्याकडे बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये मशीन आहे आणि खालचा ट्रे मी स्वतः काढते. त्यात डास असतात, डोळ्यांनी दिसतात. मुलाला बाळदम्याचा त्रास आहे, कॉइल पेटवली की छाती भरते, लिक्विडच्या वासानेही खोकला सुरू होतो. धूर नाही, वास नाही, औषध नाही अशी दुसरी वस्तू सांगा मला.

आणि दिव्याला डास येतच नाहीत म्हणता, तर डासांचा अभ्यास करणारे लोक त्यांना पकडायला दिव्याचेच सापळे का टांगतात?

वडगावकर
ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. तो सापळा वेगळा असतो. त्यात छोटा बल्ब आणि खाली हवा ओढणारा पंखा असतो, आणि बऱ्याचदा शेजारी कोरडा बर्फ ठेवतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. काम त्या वायूचं आणि पंख्याचंही असतं. तेही परिसरात कोणत्या जातीचे डास आहेत हे पाहण्यासाठी, डास संपवण्यासाठी नाही. एडिस त्यात फारसा येत नाही, म्हणून त्याच्यासाठी माणसाच्या त्वचेसारखा वास सोडणारे वेगळे सापळे वापरतात. तुमच्याकडे रात्री चावणारा क्युलेक्स जातीचा डास थोडाफार सापडत असेल, हे मी नाकारत नाही. माझा मुद्दा डेंग्यूचा आहे.

ट्रेमधलं एकदा भिंगाखाली धरून बघा. नदी-नाल्याकाठी झुंडीने येणारे, डासासारखेच लांब पायांचे पण न चावणारे किडे असतात. त्यांना डासासारखी लांब सरळ सोंड नसते. आणि सोंड असूनही डोक्यावर पिसासारख्या झुपकेदार मिशा दिसल्या, तर तो नर डास. तोही चावत नाही. हे दोन्ही बाजूला काढल्यावर जे उरेल तेवढंच आपल्या उपयोगाचं.

हलवाईगल्ली
मिठाईचं दुकान आहे, म्हणून थोडं लिहितो. मशीन सरसकट नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माशांसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मशीन नसेल तर पेढ्यांवर माशा बसल्याच म्हणून समजा.

पण लावायची जागा हाच सगळा खेळ आहे. बहुतेक दुकानांत मशीन नेमकं काउंटरच्या डोक्यावर दिसतं, आणि ते बघून माझा जीव कासावीस होतो. मशीनमधल्या विजेच्या तारेवर माशी जळते तेव्हा ती फुटते, बारीक तुकडे उडतात. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलंय की त्यासोबत माशीच्या अंगावरचे जंतूही हवेत उडतात. म्हणून ताटांजवळ मी तारेचं नाही, चिकट पट्टीचं मशीन लावलंय. दिवा तोच, पण माशी पट्टीला चिकटते, काही उडत नाही. तारेचं मशीन मागे, रिकाम्या क्रेटच्या खोलीत.

दुसरं, रस्त्यावरून दिवा दिसता कामा नये. दारासमोर लावलं तर बाहेरच्या माशांना आपणच आवतण दिल्यासारखं होतं. दाराला काटकोनात, साधारण छातीच्या उंचीला लावा. खिडकीचा उजेड पडतो तिथेही नको, उन्हापुढे ट्यूब फिकी पडते.

मीठभाकर
जंतू उडतात हे मला माहीत नव्हतं. पॅसेजमध्ये मशीनच्या खालीच पाण्याचं भांडं ठेवते, ते आजच हलवते. पण मशीन काढणार नाही.

तारजोडणी
दुरुस्तीचं काम करतो. लोक ट्यूब उडाली तरच बदलतात, ही सगळ्यात मोठी गफलत. निळा उजेड दिसतोय म्हणजे ट्यूब चांगली, असं नसतं. आपल्याला दिसतो तो निळा उजेड, किड्यांना ओढते ती आपल्याला न दिसणारी अतिनील. ती हळूहळू उतरत जाते. रोज चालणाऱ्या मशीनची ट्यूब वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर बदलावी.

बदलताना जुन्या ट्यूबवरचा नंबर आणि वॅट बघूनच नवी घ्या. स्वस्तात मिळते म्हणून जंतुनाशक यूव्ही-सी ट्यूब कधीही बसवू नका. ती मापाने तशीच असते, पण डोळे आणि कातडी भाजते. कोविडनंतर त्या ट्यूब बाजारात सर्रास मिळायला लागल्या, म्हणून मुद्दाम सांगतोय.

साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. आत कपॅसिटर असतो, तो थोडा वेळ चार्ज धरून ठेवतो. काही मिनिटं थांबा, मग प्लॅस्टिकच्या मुठीच्या कोरड्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही तारा एकदा एकमेकींना टेकवा. मग कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नाही, पाणी तर नाहीच. तारांमध्ये जळकं अडकून राहिलं की सतत चर्र आवाज येतो, जळका वास येतो आणि पुढचा किडा नीट मरत नाही. ट्रे भरू देऊ नका, मेलेल्या किड्यांवर मुंग्या आणि झुरळं येतात. आणि मशीन चालू असताना जवळ झुरळांचा स्प्रे मारू नका, भडका उडू शकतो. गॅसची शेगडी असेल तिथेही तारेचं मशीन नकोच.

घेताना खोक्यावर लिहिलेल्या चौरस फुटांवर जाऊ नका. ट्यूब किती वॅटची आहे आणि बाहेरची जाळी लहान मुलाचं बोट आत जाणार नाही इतकी बारीक आहे का, हे बघा. मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे दिवे मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही. उजेड इतका मिणमिणता असतो की खोलीतला नेहमीचा दिवा लावला की त्याचं काम संपलं.

वळीव
वडगावकर, मित्रकीटकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण त्यावरून दिव्याचा सापळाच वाईट असं कुणी समजू नये. आम्ही ऊसवाले आहोत. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुलिंब-बाभळीवर जमतात. त्या दिवसांत झाडाजवळ दिवा आणि खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं ठेवलं की ढिगाने पडतात. मादी अंडी घालण्याआधी मारली तर पुढची अळी मुळाशी जातच नाही. मात्र दिवा संध्याकाळचे काही तासच लावायचा आणि भुंगेरे यायचे थांबले की उचलून ठेवायचा. बागेत वर्षभर रात्रभर जळणारं मशीन आणि हे, दोन्ही एका मापाने मोजू नका.

वडगावकर
मान्य. कोणता किडा, कधी आणि कुठे येतो हे माहीत असताना लावलेला दिवा आणि सरसकट लावलेला दिवा यांत फरक आहेच.

मीठभाकर
पण दादा, तुम्ही पर्याय काय देताय? आमच्याकडे आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी काढून टाकायचा दिवस, जाहीर होऊन किती काळ लोटला. नोटीस बोर्डावर कागद आहे, पाळत कुणी नाही. गच्चीवर फुटक्या बादल्या आहेत. मशीन निदान कुणाच्या मागे न लागता चालतं. माणसांवर अवलंबून राहिलं की काय होतं ते मी बघतेय. मशीनने डेंग्यूचा एक डास मेला तरी माझ्या दृष्टीने तो फायदाच.

वडगावकर
ताई, तुमची चीड योग्य आहे. म्हणूनच मी सभेत ठराव फेटाळा असं म्हणणार नाही, बदला म्हणणार आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी काढलं तर साखळी तुटते. पण नुसतं ओतून चालत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. कडा घासायला लागतात.

हे रहिवाशांवर सोडायचं नाही. मशीनच्या पैशांत आठवड्यातून एक सकाळ येणारा माणूस ठेवायचा, त्याच्याकडे ठिकाणांची यादी आणि सही करायची वही. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, लिफ्टचा खड्डा, कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या पाण्याचे डबे, ड्रेनेजच्या हवेच्या पाइपांना जाळी. कारंजं बंद पडलंय, त्यात गप्पी मासे सोडायचे. क्लबहाउसच्या व्हरांड्यात मशीनऐवजी दोन मोठे पंखे लावायचे, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही.

तुमच्या मुलासाठी खिडक्यांना जाळी आणि दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा. धूर नाही, वास नाही, औषध नाही.

हलवाईगल्ली
वहीत सही करणाऱ्याबरोबर दर आठवड्याला एका विंगचा एक माणूस फिरला पाहिजे, हेही ठरावात घाला. आणि पंपरूमची किल्ली वॉचमनकडे ठेवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त अळ्या तिथेच निघाल्या, कारण ती खोली कायम कुलूपबंद असायची.