टार्गेट दिलंत, पण आकडा कधी दाखवता?
टार्गेट अवघड आणि स्पष्ट असलं की टीम आपोआप जोर लावते, असं नेहमी म्हटलं जातं. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये साधारण हेच मांडलं होतं, त्यामुळे मुद्दा मान्य. पण पुढे लॉक आणि त्यांचे सहसंशोधक गॅरी लॅथम यांनी सांगितलेल्या अटी त्यात सुटतात. आपण कुठवर आलो हे माणसाला वेळोवेळी कळलं पाहिजे, आणि काम नवीन व गुंतागुंतीचं असेल तर नुसत्या आकड्यापेक्षा शिकण्याचं टार्गेट द्यावं.

अंबडच्या एका कारखान्यात आमच्या लाइनचं रिजेक्शन, म्हणजे किती माल बाद झाला ते, महिन्याच्या मीटिंगमध्येच कळायचं, तेही बोलणी खाताना. नव्या सुपरवायझर मॅडमनी तो आकडा रोज शिफ्ट बदलताना मशीनजवळच्या फळ्यावर लिहायला लावला. "दादा, नेमकं कुठे अडतंय?" एवढं विचारून त्या गप्प उभ्या राहायच्या. (हे गप्प राहणं ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.) एका ऑपरेटरने तेव्हाच दाखवलं, जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा) धरणाऱ्या फिक्श्चरच्या कोपऱ्यात चिप्स, म्हणजे धातूचा कीस, साचतात, त्यामुळे जॉब तिरका बसतो. दर जॉबनंतर एअर मारायचं (हवेच्या झोताने कीस उडवायचा), हे त्यानेच सुचवलं, आणि बाकीच्यांनी लगेच उचललं.